चिल्लई कलानची बेगमी

श्रीनगरचा हिवाळा केवळ तापमानाच्या आकड्यांनी मोजला, तर जगातील अतिथंड शहरांच्या मानाने तो मवाळच ठरतो. तेथे नोंदला गेलेला नीचांक उणे १४.४ अंश सेल्सिअस असून तो १८९३ सालचा आहे. एरवी भर हिवाळ्यातील रात्रीही शून्याखाली काही अंशच उतरतात. मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८५ मीटर उंचीवर, झेलमच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या या शहराची जुनी अडचण थंडीपेक्षा कोंडीची होती. चहूबाजूंच्या पर्वतरांगांतील खिंडी बर्फाने बुजल्या की बाहेरून मीठही येणे दुरापास्त होई, आणि जे घरात आहे त्यावरच वसंतापर्यंत निभावून न्यावे लागे. या मुदतीचा हिशेब तेथील लोकांनी तीन खंडांत बांधून ठेवला आहे. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे ‘चिल्लई कलान’, अर्थात मोठा चिल्ला. त्यानंतरचे वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’, म्हणजे धाकटा. आणि शेवटचे दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. पहिल्या चाळीस दिवसांत पडलेले बर्फ गोठून टिकते आणि उन्हाळ्यात नद्यांना व झऱ्यांना पाणी पुरवते, तर नंतरचे लवकर वितळते. त्यामुळे ज्या काळाची धास्ती सर्वांत अधिक, त्याच काळातील हिमवर्षावावर पुढच्या भातपिकाची भिस्त असते.

या हिवाळ्याला काश्मीरच्या इतिहासात दोन उत्तरे सापडतात : एक निघून जाण्याचे आणि दुसरे साठवून राहण्याचे. दोन्हींचा उगम ज्या कथेत दिसतो ती ‘नीलमत पुराण’ या काश्मीरच्या स्थलपुराणात आहे. अभ्यासक या ग्रंथाचा काळ साधारणपणे इसवी सनाच्या सहाव्या ते आठव्या शतकात धरतात. कथेनुसार सतीसर नावाचे सरोवर आटवून तयार झालेल्या या भूमीत माणसांना वर्षातले सहाच महिने राहण्याची मुभा होती. शरद सरू लागताच त्यांनी धान्य घेऊन खोऱ्याबाहेर पडावे आणि हिवाळाभर खोरे पिशाचांच्या हवाली करावे, असा कश्यपाच्या शापाने घातलेला दंडक होता. पुढे चंद्रदेव नावाचा एक वृद्ध ब्राह्मण मागेच राहिला, नागराज नीलाच्या आश्रयाला गेला आणि काही व्रते पाळण्याच्या अटीवर माणसांना बारमाही वस्तीचा वर मिळवून आला. पुराणकथेला इतिहास मानण्याचे कारण नाही. तरीही ज्या समाजाने आपल्या बारमाही वस्तीलाच वर मानले, त्याच्या स्मृतीत हंगामी वस्तीचा काळ कोठेतरी शिल्लक असावा, असा तर्क अगदीच निराधार वाटत नाही. नीलाने सांगितलेल्या आचारांत नव्या हिमपाताचा उत्सवही येतो, आणि त्या दिवशी उबदार वस्त्रे लेवून नवे मद्य घेण्यास पुराणकारांची संमती आहे. काश्मिरी पंडितांमध्ये पौष अमावास्येला यक्षासाठी खिचडी ठेवण्याची चाल आजही टिकून आहे. तेथील पंचांगात महिना पौर्णिमेला संपत असल्याने मराठी पंचांगाप्रमाणे ती तिथी मार्गशीर्ष अमावास्या ठरते.

निघून जाण्याचे उत्तर प्रामुख्याने राज्यकर्त्यांनी निवडले. अकबराने १५८६ मध्ये काश्मीर जिंकले. त्यानंतर मुघल बादशहांच्या तेथील फेऱ्या बहुधा वसंत ते शरद या मर्यादेत राहिल्या. या खोऱ्याचे सर्वाधिक गुणगान करणारा जहांगीर १६२७ च्या शरद ऋतूत तेथून लाहोरकडे परतत असताना वाटेतच मरण पावला. शालिमार आणि निशात या बागांची रचना पाहता त्या काश्मीरच्या उन्हाळ्यासाठी आहेत, हे सहज ध्यानी येते. डोग्रा राजवटीत या ये-जा करण्याला प्रशासकीय रूप आले. महाराजा रणबीरसिंह यांनी १८७२ पासून उन्हाळ्यात श्रीनगर आणि हिवाळ्यात जम्मू अशी राजधानीची अदलाबदल सुरू केली, आणि दरबारच हलत असल्याने तिला ‘दरबार मूव्ह’ हे नाव पडले. दफ्तरे, कारकून, अधिकारी व त्यांची कुटुंबे यांचे हे वार्षिक स्थलांतर राजेशाही संपल्यावरही चालूच राहिले. २०२० मध्ये उच्च न्यायालयाने या प्रथेला कायद्याचा आधार नसल्याचे मत नोंदवले, २०२१ मध्ये दफ्तरे संगणकावर आल्याचे कारण देऊन प्रशासनाने ती थांबवली आणि २०२५ च्या शरदात लोकनियुक्त सरकारने ती पुन्हा चालू केली. जम्मूच्या व्यापाऱ्यांना ती हवी होती, हे त्यामागचे एक उघड कारण होते.

मागे राहणाऱ्या शहराची तयारी मात्र भाद्रपदाच्या उन्हापासूनच सुरू होई. दल सरोवरातील तरंगत्या वाफ्यांवर आणि काठच्या मळ्यांत पिकलेला भाजीपाला कापून, दोऱ्यांत ओवून खिडक्यांवर व छपरांवर वाळत घातला जाई. या वाळवलेल्या भाज्यांना एकत्रितपणे ‘होख स्युन’ म्हणतात, म्हणजे सुके कालवण. त्यांत दुध्या भोपळ्याच्या लांब पट्ट्या (‘अल हच्चि’), चिरलेली वांगी, टोमॅटो आणि सलगमच्या चकत्या हे मुख्य प्रकार असून धुरी दिलेल्या माशांनाही त्यांच्याच पंक्तीत स्थान आहे. ताजे सलगम व मुळे अंगणात खड्डा खणून पुरले जात, कारण बर्फाखालच्या मातीत ते गोठत नाहीत. लाल मिरची, लसूण आणि इतर मसाले वाटून त्यांच्या मध्ये भोक असलेल्या वड्या थापत, वाळवत आणि दोरीला टांगून ठेवत. या वडीला ‘वॅर’ म्हणतात व तिचा एखादा तुकडा कालवणात पुरेसा होतो. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यापूर्वी सुकी मासळी, कोकम, मीठ-मिरची यांची जी बेगमी होते, तिचेच हे दुसऱ्या ऋतूतील भावंड म्हणता येईल. फरक एवढाच की कोकणात तोंडावर मुसळधार पाऊस असे आणि येथे बंद खिंड.

या साठवणीचा कणा तांदूळ होता, आणि तेथेच तिचा कच्चा दुवाही होता. कडक हिवाळा शहराला सोसत असे. घात होई तो अवेळी आलेल्या हिवाळ्याने. कल्हणाने बाराव्या शतकात ‘राजतरंगिणी’त तुंजीन राजाच्या काळातील ज्या दुष्काळाचे वर्णन केले आहे, त्याचे कारण भाद्रपदात पडलेले बर्फ हेच आहे, कापणीला आलेली साळ त्याखाली गाडली गेली आणि बेगमी होण्याआधीच संपली. १८७७ मध्ये बर्फाऐवजी कापणीच्या हंगामातील पावसाने तेच केले, व त्यानंतरच्या दोन वर्षांच्या दुष्काळाने श्रीनगरची वस्ती भयानक प्रमाणात घटली. अलीकडे २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच बर्फ पडले आणि फांद्या मोडून सफरचंदाच्या बागांचे मोठे नुकसान झाले. पीक बदलले, धोका तोच राहिला.

घरांची रचना हा या तयारीचा कायमस्वरूपी भाग होता. जुन्या शहरातील विटा व लाकूड यांच्या तीन-चार मजली घरांत कुटुंब ऋतूप्रमाणे खाली-वर होत असे : उन्हाळ्यात हवेशीर वरचे मजले, तर हिवाळ्यात खालची कमी उंचीची, लहान खिडक्यांची एखादीच खोली, जिच्यात सर्वांची ऊब एकवटे. भूर्जाच्या सालीचे थर देऊन त्यांवर माती पसरलेली छपरे ऊब धरून ठेवत. उतरत्या पत्र्यांच्या छपरांनी पुढे त्यांची जागा घेतली. ‘पिंजराकारी’ म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या भौमितिक जाळीच्या खिडक्या दिसायला सुंदर. पण थंडीपुढे निरुपयोगी असल्याने हिवाळ्याच्या तोंडावर त्यांवर कागद चिकटवला जाई. सधन घरांत आणि मशिदींत ‘हमाम’ असे. हमाम म्हणजे चुनखडीच्या दगडी लाद्यांची जमीन असलेली खोली; लाद्यांखालच्या पोकळीत लाकडे जाळली की जमीन तापे, आणि आतील तांब्याच्या भांड्यातील पाणीही. काश्मीरमध्ये तो आणण्याचे श्रेय परंपरा मिर्झा हैदर दुघलात (सत्ताकाळ १५४० ते १५५१) याला देते. ज्यांच्या घरी हमाम नव्हता, त्यांना मोहल्ल्याच्या मशिदीतील हमामाचा आसरा होता, आणि म्हणून हिवाळ्यात तेथे नमाजाखेरीज गप्पांचीही बैठक जमे.

या सर्व साधनांत सर्वांत स्वस्त, सर्वांत व्यक्तिगत आणि म्हणूनच सर्वांत टिकाऊ ठरली ती कांगडी. ‘कोंडुल’ हे मातीचे वाडग्यासारखे पात्र, त्याभोवती वाळुंज जातीच्या झाडाच्या सोललेल्या काड्यांची वीण, धरायला मूठ आणि विस्तव चाळवण्यासाठी दोरीने बांधलेला ‘चालन’ नावाचा लहानसा चमचा, एवढीच तिची घडण. पात्र कुंभाराचे आणि वीण बुरुडाची, अशी ही दोन कारागिरांची सामायिक वस्तू असून चरार-ए-शरीफ आणि बांदीपोरा ही तिची नावाजलेली ठिकाणे आहेत. ती वापरता यावी म्हणूनच जणू फेरन हा गुडघ्यांखाली पोचणारा, रुंद बाह्यांचा सैल झगा घडला आहे. हात बाहीतून आत घेऊन त्याखाली कांगडी धरली की माणूस घरभरच काय, रस्त्यावरूनही शेकोटीसह फिरू शकतो. काश्मिरी पुरुषांना निस्तेज करण्यासाठी अकबराने फेरन सक्तीचा केला, अशी एक कथा प्रचलित आहे. पराभूत प्रदेशांच्या वाट्याला येणाऱ्या अशा कथांना जितपत किंमत द्यावी तितपतच तिला द्यावी. कांगडी मुघलांच्या लवाजम्यातील इटालियनांनी आणली, हा एकोणिसाव्या शतकातील तर्क तर टिकणाराच नाही, कारण बाराव्या शतकातील काश्मिरी कवी मंख याच्या ‘श्रीकण्ठचरित’ या महाकाव्यात ‘हसन्तिका’ म्हणजे हाती नेण्याजोग्या शेगडीचा उल्लेख आहे.

कांगडीला लागणारा कोळसा हा शरदातील स्वतंत्र उद्योग होता. चिनारची पाने गळू लागली की ती झाडून ढीग करावेत, ते धुमसत जाळावेत आणि वेळीच पाणी शिंपडून विझवावेत, असा क्रम असून त्यातून मिळणारा हलका कोळसा राखेखाली तासन्‌तास धगधगत राहतो. डोंगरी नद्यांच्या मुखाशी जाळी लावून वाहत येणाऱ्या बारीक लाकडांपासूनही कोळसा करत, आणि जमाबंदी अधिकारी वॉल्टर लॉरेन्स याने १८९५ च्या आपल्या ‘द व्हॅली ऑफ काश्मीर’ या ग्रंथात तोच उत्तम म्हणून नोंदला आहे. या उबेची किंमतही शरीराला मोजावी लागे. पोट आणि मांड्यांच्या आतील बाजूस वर्षानुवर्षे धग लागून त्वचा काळवंडते आणि काहींना त्याच जागी कर्करोग होतो. १८६६ मध्ये विल्यम एल्मस्ली या स्कॉटिश मिशनरी डॉक्टरने याकडे प्रथम लक्ष वेधले आणि पुढे श्रीनगरच्या मिशन रुग्णालयातील अर्नेस्ट नेव्ह यांनी शेकडो शस्त्रक्रियांच्या अनुभवावर १९२३ मध्ये त्याविषयी लिहिले. उष्णतेच्या दीर्घ संपर्काने कर्करोग होऊ शकतो, याचे वैद्यकशास्त्रातील एक ठळक उदाहरण म्हणून ‘कांगडी कॅन्सर’ हे नाव जगभरच्या ग्रंथांत रूढ झाले.

कोंडी फुटली ती रस्त्यांमुळे, पण सरळ रेषेत नव्हे. १८९० मध्ये रावळपिंडीहून बारामुल्लापर्यंत आलेला झेलम खोऱ्यातील गाडीरस्ता उंच खिंडी टाळून नदीकाठाने येत असल्याने हिवाळ्यातही बराच उपयोगी होता, आणि त्याच वाटेने अनेक काश्मिरी मजूर थंडीपुरते पंजाबात कामाला उतरत. निघून जाण्याचे उत्तर गरिबांनाही अगदीच अपरिचित नव्हते. १९४७ मध्ये हा मार्ग बंद झाला आणि श्रीनगर एकट्या बनिहाल खिंडीवर अवलंबून राहिले. तिची उंची २,८०० मीटरहून अधिक असल्याने शहराची कोंडी काही वर्षे पूर्वीपेक्षाही वाढली. डिसेंबर १९५६ मध्ये खुला झालेला जवाहर बोगदा, २०२१ मधील साडेआठ किलोमीटरांचा नवा बोगदा आणि जून २०२५ मध्ये जम्मूच्या बाजूने अखेर जोडला गेलेला लोहमार्ग हे या कोंडीवरचे टप्प्याटप्प्याने झालेले उपाय होत. आता हिवाळ्यात शाली घेऊन मुंबई, पुणे किंवा पणजीपर्यंत येणारा काश्मिरी विक्रेता हा पंजाबात उतरणाऱ्या त्या मजुराचा वारस मानता येतो.

ताजी भाजी बारमाही मिळू लागल्याने होख स्युन आज गरजेपेक्षा आवडीने खाल्ले जाते, हमामाची जागा अनेक घरांत विजेच्या गाद्यांनी व गॅसच्या शेगड्यांनी घेतली आहे, आणि रात्रभर शिजवलेल्या मांसाची ‘हरिसा’ ही न्याहारी आळी कदलसारख्या जुन्या वस्त्यांत पर्यटकांनाही खेचते. कांगडीबाबत मात्र असे झालेले नाही. काश्मीरची वीज मुख्यतः नद्यांच्या प्रवाहावर निर्माण होते; हिवाळ्यात पाणी गोठल्याने निर्मिती घटते आणि नेमकी तेव्हाच मागणी शिगेला पोचते, त्यामुळे भारनियमन ठरलेले असते. विजेची ही तूट जोवर भरून निघत नाही, तोवर चिनारच्या पानांचा कोळसा श्रीनगरच्या बाजारात दर शरदात विकला जाणारच.