टोपीकरांची टोपी

एप्रिल लागला की आमच्या बॉटनी डाउन्समध्ये वारा बदलतो. ऑकलंडची थंडी काही बर्फाची नाही. पण वाऱ्यात पाऊस आणि पावसात वारा, छत्री उलटी होते आणि हुडी सारखी मागे पडते. अशा हवेत डोक्याला सगळ्यात बरी पडते ती लोकरीची बेरेट. फ्रेंच लोक 'बेरे' म्हणतात, पण ज्यांनी एनसीसी केलंय त्यांच्या तोंडी 'बेरेट'च बसलेलं असतं. मीही तीच म्हणणार.

तुमच्यापैकी किती जणांनी परेडच्या आदल्या रात्री बादलीत बेरेट भिजवली आहे, मला माहीत नाही. मी भिजवली आहे. नवी कोरी बेरेट डोक्यावर ताटासारखी उभी राहते. सीनियर मुली सांगायच्या, कोमट पाण्यात बुडव, पिळू नको, नुसती दाबून पाणी काढ आणि तशीच ओली डोक्यावर घाल. पट्टी कपाळाला आडवी आणि सरळ, बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर, उरलेलं सगळं कापड उजव्या कानाकडे ओढून सपाट करायचं आणि वाळेपर्यंत बसून राहायचं. आम्हां मुलींना आणखी एक अडचण, अंबाडा. तो मानेवर खाली घेतला नाही तर टोपी मागून उचलली जायची. मी पहिल्या वर्षी उत्साहात उकळतं पाणी घेतलं. टोपी अशी आटली की धाकट्या भावालाही होईना. उस्तादांनी ती हातात घेऊन पाहिली आणि एवढंच म्हणाले, "टोपीला डोक्यावर बसवायचं असतं, पातेल्यात नाही."

तो आटण्याचा गुण हाच बेरेटचा सगळा इतिहास आहे. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि रगडणं मिळालं की खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. धनगरांच्या लोकरीचा बुरणूस याच तत्त्वावर होतो. तो विणत नाहीत, भिजवून, रगडून घट्ट करतात. बेरेटमध्ये दोन्ही गोष्टी येतात. आधी सैलसर, बरीच मोठी टोपी विणायची आणि मग ती पाण्यात कुटून आटवायची. म्हणून चांगल्या बेरेटमध्ये विणीचे टाके दिसत नाहीत आणि रिमझिम पाऊस आत येत नाही. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवर पिरेनीज डोंगरातले मेंढपाळ ती पिढ्यान् पिढ्या वापरत आले. पुढे तिचे कारखाने निघाले. फ्रान्सच्या बाजूला ओलोरों गावातला लोलेर १८४०चा, स्पेनच्या बाजूला तोलोसातला एलोसेगी १८५८चा.

सुती बेरेटला हे जमत नाही. कापसाच्या तंतूला खवले नाहीत, त्यामुळे तो आटून घट्ट होत नाही, फक्त घामाने आणि वापराने सैल पडतो. जानेवारीच्या उन्हात ती बरी. पण तिला आकार द्यायच्या भानगडीत पडू नका. धुवा, सपाट वाळवा, घाला. विकत घेताना फीत कपाळावरून, कानांच्या जरा वरून गोल फिरवा. लोकरीची किंचित आवळ वाटली तरी चालते, ती डोक्यावर सैलावते. सुतीची बेताचीच घ्या. लोकरीची पहिल्यांदा भिजवताना पाणी कोमट हवं, आणि ड्रायरमध्ये तर ती कधीच टाकू नये. इथल्या अनेक मराठी घरांत स्वेटर ज्या गतीला गेले, त्याच गतीला टोपीही जाते.

आता तुम्ही विचाराल, मेंढपाळाची टोपी एनसीसीच्या मुलीच्या डोक्यावर आली कुठून? ती गोष्ट लांबची आहे आणि तिचं एक टोक आपल्या घरात आहे.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच या सगळ्यांना मिळून एक शब्द आहे, टोपीकर. धर्म नाही, देश नाही, ओळख टोपीवरून. आपण पागोटेवाले, ते टोपीवाले. व्यापाराच्या निमित्ताने येतात आणि जागा धरून बसतात, तेव्हा त्यांच्यापासून सावध राहा, असा त्या प्रकरणाचा रोख आहे. मराठीत 'टोपी घालणे' म्हणजे फसवणे. या वाक्प्रचाराची जन्मकथा काहीही असो, टोपीकरांनी ती आपल्याला घातली खरी. १७६८ मध्ये मुंबईत कंपनीने उभ्या केलेल्या एका शिपाई पलटणीपासून आजची मराठा लाइट इन्फंट्री आपलं वय मोजते.

बेरेट त्या टोपीकरांकडेही उशिराच आली. १८८९ मध्ये फ्रान्सच्या पहाडी पलटणींनी ती घेतली. पहिल्या महायुद्धात इंग्रज रणगाडादलाच्या अधिकाऱ्यांनी ती पाहिली. रणगाड्याच्या आत काठाची टोपी आपटते आणि फिक्या रंगावर तेलाचे डाग दिसतात. म्हणून १९२४ मध्ये त्यांनी काळी बेरेट मंजूर करून घेतली. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांना मरून रंग मिळाला आणि जनरल माँटगोमरीने दोन बिल्ले लावलेली काळी बेरेट घालून फोटो काढून घेतले, तेव्हा ती घराघरांत ओळखीची झाली. इंग्लंडच्या कंब्रिया भागात क्लीटर गावी ज्या कँगोल कारखान्यात फौजेसाठी बेरेट बनत, तो १९३८ मध्ये काढला होता पोलंडहून आलेल्या एका ज्यू स्थलांतरिताने, याकोब श्प्रायरेगेन याने. परक्या देशात येऊन तिथल्या लोकांच्या डोक्याची सोय करणारा माणूस. आपल्याला ओळखीचा वाटावा असा.

त्याच काळात आपल्याकडे दुसरी एक टोपी चालली होती. गांधी टोपीचा जन्म कसा झाला, हे खुद्द गांधीजींनी काकासाहेब कालेलकरांना सांगितलं होतं. काकासाहेब मूळचे साताऱ्याचे. गांधीजींनी देशभरातली शिरोभूषणं मनाशी तपासली. काश्मिरी टोपी त्यांना पसंत पडली, कारण ती हलकी, घडी होणारी आणि शिवायला सोपी. पण ती लोकरीची, म्हणून त्यांनी सुती केली. रंगाचाही त्यांनी विचार केला. पांढऱ्यावर घाम आणि मळ लगेच दिसतो, म्हणून ती रोज धुवावी लागते, म्हणून पांढरीच बरी. आपण वर लोकर आणि सूत यांचा जो फरक पाहिला, तोच इथे उलटा वापरलेला आहे. लोकरीची टोपी एकदा बसवली की वर्षानुवर्षं तशीच राहते. सुती टोपीला रोज नव्याने धुऊन, कांजी देऊन, घडी घालून उभं करावं लागतं. सरकारी कचेऱ्यांत आणि कोर्टांत या टोपीवरून तंटे झाले, लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

आणि या दोन टोप्या वेगवेगळ्या गावांत नव्हत्या. ज्या सातारा जिल्ह्यातून पलटणीत पोरं जात होती, जिथे एका गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' आहे, त्याच जिल्ह्यात १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं होतं. एक भाऊ इंग्रजांच्या पलटणीत आणि दुसरा इंग्रजांपासून लपलेला, असं घडायला तिथे काहीच अवघड नव्हतं. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांनी दुसऱ्या भावाला जागा दिली, ती योग्यच. पहिल्याचं काय करायचं हे मात्र आपल्याला नीट ठरवता आलेलं नाही. तो पगारासाठी गेला, दुष्काळी रानातून गेला, सवयीने गेला, अभिमानानेही गेला. त्याला 'भाडोत्री' म्हणणं सोपं आहे आणि 'वीर' म्हणून मोकळं होणंही सोपं आहे.

इथे मला बॉटनी डाउन्सकडे परत यायचं आहे. आमच्या शेजारचं हॉविक १८४७ मध्ये वसलं ते निवृत्त ब्रिटिश सैनिकांचं गाव म्हणून. त्यांना 'फेन्सिबल' म्हणत. सात वर्षं गरज पडेल तेव्हा बंदूक उचलायची आणि रविवारी चर्चच्या परेडला हजर राहायचं, बदल्यात एक छोटं घर आणि एकरभर जमीन. त्यांतले कितीतरी आधी हिंदुस्थानात आणि अफगाणिस्तानात नोकरी करून आलेले होते. त्यांना घेऊन आलेल्या एका जहाजाचं नाव 'सर रॉबर्ट सेल', म्हणजे जलालाबादच्या वेढ्यात गाजलेला आणि पुढे शिखांशी लढताना पडलेला सेनानी. म्हणजे आपण इथे पोचायच्या खूप आधी आपले टोपीकर इथे पोचले होते. हॉविकमधल्या स्टॉकेड हिलवर १८६३ मध्ये, वायकाटोच्या युद्धाच्या वेळी, माओरींच्या भीतीने तटबंदी उभी केली होती. आज त्याच टेकडीवर युद्धस्मारक आहे आणि २५ एप्रिलला, अॅन्झॅक दिवशी, अंधारातच लोक तिथे जमतात.

मी पहिल्यांदा तिथे गेले ते उत्सुकतेने. जुन्या सैनिकांच्या डोक्यावर बेरेट, छातीवर पदकं. नातवंडांनी आजोबांची पदकं उजव्या बाजूला लावलेली, कारण स्वतःची डावीकडे आणि पूर्वजांची उजवीकडे अशी इथली रीत आहे. शेजारच्या एका आजींनी सहज विचारलं, "तुमचे लोक होते का गं त्या युद्धात?" मी "हो" म्हणाले आणि पुढचं वाक्य मला सुचेना. इतिहासात डॉक्टरेट केलेल्या बाईला! बिल्ला कुठल्या डोळ्यावर येतो ते मला पाठ होतं, पण माझे लोक कुठे होते ते एका दमात सांगता येत नव्हतं.

त्यांना जे सांगायला हवं होतं, ते तुम्हाला सांगते. पुढच्या वेळी तुम्हाला कुणी विचारलं तर उपयोगी पडेल.

९ एप्रिल १९४५. उत्तर इटलीत सेन्यो नावाची नदी आहे. दोन्ही काठांना उंच बांध, बांधांत जर्मन मशीनगन, मध्ये पाणी, पलीकडे सुरुंग. त्या संध्याकाळी आठव्या सैन्याने ती नदी ओलांडायला सुरुवात केली. न्यूझीलंडची दुसरी डिव्हिजन आणि आठवी हिंदी डिव्हिजन अगदी शेजारी शेजारी होत्या. हिंदी डिव्हिजनमध्ये मराठ्यांची पहिली बटालियन होती. तिच्यातला एक शिपाई, कंपनीचा निरोप्या, नामदेव जाधव. गाव निमज, जिल्हा तेव्हाचा अहमदनगर. त्याच्याबरोबरचे बहुतेक सगळे पडले. त्याने जखमींना पाठीवर घेऊन खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणलं. मग तो एकटा परत गेला. हाताला गोळी लागल्यावर बंदूक चालवता येईना, म्हणून ती टाकून हातबॉम्ब घेतले आणि एकूण तीन मशीनगन बंद पाडल्या. शेवटी गोळीबार चालू असताना बांधावर चढून त्याने मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि मागच्या कंपन्यांना हाताने पुढे बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नऊ महिने आधी, १० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे मशीनगनवर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांनाही तोच मान मिळाला, मरणोत्तर.

त्या रात्री नदीच्या त्याच काठावर ज्यांचे आजोबा होते, त्यांची नातवंडं आज हॉविकच्या टेकडीवर आपल्या शेजारी उभी असतात. त्यांना आपण ठाऊक नाही, ही त्यांची चूक म्हणता येईल. आपल्यालाच आपण ठाऊक नाही, याचं काय?

स्वातंत्र्यानंतर ती टोपी आपल्याकडेच राहिली. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९४८ मध्ये एनसीसीचा कायदा झाला. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये तयार होणारा मराठा जवान आज गडद हिरवी बेरेट घालतो, वर लाल-हिरवा तुरा. तिसरी मराठा बटालियन छत्रीधारी झाली आणि १९५२ पासून दुसरी पॅरा म्हणून मरून बेरेट घालते. तीच ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइलला विमानांतून उतरली. त्या दिवशी त्या टोपीत टोपीकर कुणीच नव्हतं. गांधी टोपीचंही पुढे बरंवाईट झालं. ती सत्तेच्या डोक्यावर बसली, आणि अजूनही खेड्यात एखादे आजोबा ती रोज स्वच्छ धुऊन घालतात. टोपी आपली की परकी हे कापडावरून ठरत नाही, एवढं मी माझ्यापुरतं शिकले. ती कुणाच्या डोक्यावर ओली असताना वाळली, त्यावर थोडंफार ठरतं.

या वर्षी मी नवी बेरेट घेतली आहे. साधी, बिल्ल्याची जागा नसलेली, गडद निळी. फौजेची नाही, कारण ती मिळवावी लागते. कोमट पाण्यात भिजवली, टॉवेलमध्ये दाबली आणि ओलीच घालून स्वयंपाकघरात बसले. लेकीने विचारलं, हे काय चाललंय? तिला सेन्योची गोष्ट सांगितली. निमज कुठे आहे ते आम्ही दोघींनी नकाशावर शोधलं, मग सेन्यो, मग हॉविक. टोपी वाळायला दोन तास लागतात. गोष्टीला तेवढे पुरले.

२५ एप्रिलला तुम्ही ऑकलंडमध्ये असाल तर पहाटे टेकडीवर या. वारा असतो, डोक्यावर काहीतरी घालून या. कुणी विचारलंच, तर नदीचं नाव आणि तारीख लक्षात असू द्या.