एक घर पुढे सरकलेले प्यादे

बुद्धिबळ हा खेळ आपला; पण १९२९ साली पंजाबातील मीर सुलतान खान सर उमर हयात खान यांच्या आश्रयाने विलायतेस गेला, तेव्हा तो खेळ त्यास जवळजवळ नव्याने शिकावा लागला. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर चाले, किल्लेकोटाची रीतही निराळी. युरोपीय खेळाडू डावाच्या प्रारंभाचे शास्त्र ग्रंथांतून पाठ करीत; सुलतान खान त्या ग्रंथांवर वाढलेला नव्हता. डावाची सुरुवात हेच त्याचे मर्मस्थान, असा सर्वांचा समज होता.

हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याच्यासमोर माजी जगज्जेता कापाब्लांका बसला. काळी मोहरी घेऊन कापाब्लांकाने ‘क्वीन्स इंडियन’ बचाव स्वीकारला. पाचव्या खेळीस सुलतान खानाने वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढील प्यादे केवळ एक घर सरकविले. खेळी दिसावयास क्षुल्लक. परंतु प्रतिपक्षाच्या उंटाने पुढे येऊन आपल्या घोड्यास जखडू नये, हा तिचा हेतू. पुढे जगज्जेता पेट्रोशियन याच्या नावाने जी पद्धती रूढ झाली, तिचे मर्म हेच होय.

पुढे कापाब्लांकाचे दोन्ही हत्ती राजास शह देत पांढऱ्याच्या गोटात शिरले. सुलतान खानाने वजीर देऊन ते दोन्ही टिपले. काळा वजीर एकाकी आत घुसला, पण हाती काही न लागता परतला. मग चाळीस खेळ्या संथपणे फास आवळला गेला आणि पासष्टाव्या खेळीनंतर कापाब्लांकाने डाव सोडला. त्या स्पर्धेत युवे पहिला, कापाब्लांका दुसरा व सुलतान खान तिसरा आला.

१९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकून तो मायदेशी परतला. १९३५ साली व्ही. के. खाडिलकर यांच्याशी झालेल्या दहा डावांत त्याने एकच डाव बरोबरीत सुटू दिला. त्यानंतर मात्र हा खेळाडू स्पर्धांच्या जगातून दिसेनासा झाला. १९६६ साली तो निवर्तला, तेव्हा त्याच्या नावापुढे ग्रँडमास्टर ही पदवी नव्हती. जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती सन्मानार्थ दिली २०२४ साली, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

पदवी उशिरा आली. डावाचा निकाल मात्र पटावर त्याच वेळी लागला होता. प्रारंभाचे ज्ञान नाही म्हणून ज्याची कीव केली गेली, त्याचे ते एक घर सरकलेले प्यादे आजही शास्त्रात मानाने उभे आहे.