आकड्यांतली अक्षरे

जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथला शिशाचा खिळा उचलून दुसऱ्या छापखान्यात नेला, तरी ‘क’चा ‘क’च उमटायचा. संगणकाच्या पोटात मात्र खिळे नसतात, नुसते आकडे असतात. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे पुष्कळ वर्षे ज्याने त्याने आपापले ठरवले. मग मांजरसुंब्याच्या शाळेत लिहिलेला मजकूर बीडच्या यंत्रावर उघडावा, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा काला! कारण मराठी अक्षरे इंग्रजीच्या आकड्यांवर बसवलेली, आणि तो फॉन्ट तिकडे नाही.

१९९१ साली ‘इस्की’ ही भारतीय मानक संहिता ठरली. पुण्याच्या सी-डॅकचा त्या कामी मोठा वाटा होता. तीत ‘क’चा आकडा १७९. त्याच साली निघालेल्या जागतिक युनिकोडमध्ये तो २३२५. आज चलती युनिकोडची.

आकडा ठरला म्हणजे झाले, असे आपल्याला वाटेल. खरी मेख पुढेच आहे. वेलांटी कुठे द्यायची, जोडाक्षर कसे बांधायचे, हे काम प्रत्येक यंत्रात दडलेला एक कार्यक्रम करतो. त्याला आतला जुळारी म्हणा ना! विंडोजचा जुळारी वेगळा, लिनक्सचा वेगळा. एकाने शिकलेले दुसऱ्याला आपोआप येत नाही. आणि हिंदीपुरते पाहणाऱ्याला मराठीचा ‘ऱ्य’मधला आडवा र आठवतोच असे नाही. तो चुकला, की बालाघाटच्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो; आचाऱ्यांना द्यायचे पैसे आचार्यांच्या नावे पडतात!

हा आडवा र लिहिण्याच्या रीतीही दोन. एकीत २३५३ आकड्याचा, खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरीत साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे ८२०५ हे न दिसणारे चिन्ह घालायचे. डोळ्यांना दोन्ही सारखेच. यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द. दुसरी रीत जुनी. पण ती काढून टाकावी, तर तिने लिहिलेले जुने कागद बिघडतात. म्हणून जुळाऱ्याची निगा राखणाऱ्याला दोन्ही सांभाळाव्या लागतात, त्याही प्रत्येक यंत्रावर. हे काम कुणाला दिसत नाही, म्हणून त्याचे कौतुकही होत नाही.

तेव्हा गुरुजी, पटावरच्या यादीत ‘गोऱ्हे’ किंवा ‘कऱ्हाडे’ हे नाव शोधून सापडले नाही, तर मूल पटावर नाही असे एकदम लिहू नका. त्याच नावाचा ‘र’ दुसऱ्या रीतीने लिहून पुन्हा शोधा.