पतितांचें पुनरागमन : तिसऱ्या शतकांतील एक वाद



ज्युबिली हा शब्द आपण उत्सव ह्या अर्थीं सर्रास योजितों. परंतु लेवीयच्या ग्रंथांत पन्नासाव्या वर्षाचा जो विधि सांगितला आहे, त्याचा गाभा निराळा आहे. ज्याची वडिलोपार्जित जमीन गेली असेल, त्यानें त्या वर्षीं आपल्या वतनावर परत यावें, असा तो विधि होय. श्रद्धेचें वतन ज्यानें स्वतःच्या हातानें गमाविलें, त्यास परत घ्यावें कीं नाहीं, आणि घ्यावें तर कसें, हा प्रश्न ख्रिस्तसभेपुढें फार लवकर उभा राहिला. त्याची हकीकत ह्या स्मरणिकेंत सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं.

इ. स. २४९ च्या अखेरीच्या सुमारास रोमचा बादशहा देसियस ह्यानें फर्मान काढिलें. साम्राज्यांतील प्रत्येकानें देवतांस बळी अर्पण करावा, त्या नैवेद्याचा घांस घ्यावा, आणि तसें केल्याचा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा, अशी ती आज्ञा होती. मिसर देशाच्या वाळूंत असे चाळीसांहून अधिक दाखले सांपडले आहेत. अर्जदाराचें नांव, साक्षीदाराची सही, तारीख, सारें कसें मामलेदार कचेरींतील कागदासारखें! २० जानेवारी २५० रोजीं पोप संत फाबियन ह्यांस मरण आलें. कित्येक तुरुंगांत गेले. परंतु कार्थेजचे बिशप संत सिप्रियन दुःखानें लिहितात कीं, पुष्कळ लोक धरून नेण्यापूर्वींच चौकाकडे धांवले, आणि कांहींनीं आपल्या तान्ह्या मुलांसही बरोबर नेलें. कोणीं बळी दिला, कोणीं नुसता धूप जाळिला, तर कोणीं लांच भरून बळी न देतांच दाखला विकत घेतला.

वादळ ओसरल्यावर हेच लोक रडत चर्चच्या दाराशीं आले. त्यांस पुनः बाप्तिस्मा देण्याचा प्रश्नच नव्हता. तो एकदांच होतो. प्रश्न होता तो ख्रिस्तशरीराच्या पंक्तीस बसविण्याचा. तुरुंगांत छळ सोसलेल्या वीरांचा त्या काळीं मोठा मान असे. पतितांनीं त्यांच्याकडून शिफारसपत्रें मिळविण्याचा सपाटा लाविला. एखाद्या पत्रांत तर अमक्यास ‘त्याच्या मंडळीसह’ परत घ्यावें, इतकेंच लिहिलेलें असे. मंडळी म्हणजे दोन कीं वीस, कोण मोजणार? सिप्रियन ह्यांनीं ह्यास हरकत घेतली. ते स्वतः अज्ञातवासांत राहिले होते, त्यामुळें विरोधकांस बोलावयास तोंड मिळालें. तरी मला त्यांचीच बाजू खरी वाटते. ज्याची जखम धुतलीच नाहीं, त्यावर पट्टी बांधून काय उपयोग?

इकडे रोममध्यें २५१ सालीं नोवेशियन नांवाच्या विद्वान धर्मगुरूनें उलट टोंक गांठलें. अशा पतितांस ख्रिस्तसभेनें कधींच क्षमा देऊं नये, असें म्हणून तो पोप संत कॉर्नेलियस ह्यांच्याविरुद्ध स्वतः बिशप होऊन बसला. त्याच वर्षीं कार्थेजच्या धर्मपरिषदेनें मधला मार्ग काढिला. दाखला विकत घेणाऱ्यांचा एकेकाचा विचार करून प्रायश्चित्तानंतर त्यांस घ्यावें; बळी देणाऱ्यांनीं प्रायश्चित्त चालूं ठेवावें, व मरणसमयीं त्यांस क्षमा मिळावी. पुढें नव्या छळाचीं चिन्हें दिसूं लागतांच सुमारें चाळीस बिशपांनीं खऱ्या पश्चात्तापी मंडळीस सरसकट परत घेतलें. त्यांचें कारण विचार करण्याजोगें आहे : ज्यांस ख्रिस्ताचें रक्त प्यावयास देत नाहीं, त्यांनीं ख्रिस्तासाठीं आपलें रक्त सांडावें असें कोणत्या तोंडानें सांगावें?

अंत्योखियाचे बिशप फाबियस ह्यांचा ओढा नोवेशियनकडे होता. त्यांस अलेक्झांड्रियाचे बिशप संत डायोनिसियस ह्यांनीं लिहिलेल्या पत्रांतील एक वृत्तांत इतिहासकार युसेबियसनें जपून ठेविला आहे. सेरापियन हा जन्मभर निर्दोष वागलेला वृद्ध गृहस्थ छळांत डळमळला आणि त्यानें बळी दिला. मागाहून त्यानें वारंवार क्षमा मागितली, परंतु कोणीं लक्ष दिलें नाहीं. आजारांत तीन दिवस त्याची वाचा बंद होती. चौथ्या दिवशीं किंचित् शुद्ध येतांच त्यानें आपल्या मुलीच्या मुलास हांक मारिली, धर्मगुरूंस आणावयास सांगितलें, आणि तो पुनः मुका झाला. रात्रीची वेळ, धर्मगुरूही अंथरुणास खिळलेले. परंतु मरणोन्मुख मनुष्यानें मागितल्यास, विशेषतः त्यानें पूर्वींही विनंति केली असल्यास, क्षमा द्यावी, अशी डायोनिसियस ह्यांची आज्ञा होती. धर्मगुरूंनीं ख्रिस्तशरीराचा लहानसा अंश मुलाच्या हातीं दिला, आणि तो भिजवून आजोबांच्या मुखांत घाल, म्हणून सांगितलें. मुलगा घराजवळ येतांच म्हाताऱ्यास शुद्ध आली. धर्मगुरू येऊं शकले नाहींत, हें त्यास कोणीं न सांगतांच कळलें होतें; आज्ञा झाली तसें लवकर कर, इतकेंच तो म्हणाला. मुलानें तो अंश भिजवून मुखांत घातला. तो हळूहळू गिळून म्हाताऱ्यानें प्राण सोडिला. क्षमा मिळेपर्यंत त्याचे प्राण राखून ठेविले होते, हें उघड नाहीं काय, असें डायोनिसियस फाबियस ह्यांस विचारतात. त्या मुलाचें नांव पत्रांत नाहीं. रात्रीच्या अंधारांत तें ओझें घेऊन धांवणाऱ्या त्या पोराचें मला फार कौतुक वाटतें.

३२५ सालीं निकेया येथील धर्मपरिषदेनें, लिसिनियसच्या कारकीर्दींत कांहीं जबरदस्ती नसतांही श्रद्धा सोडणाऱ्यांस बारा वर्षें लावून दिलीं : तीन वर्षें केवळ श्रोत्यांत, सात वर्षें दंडवत घालणाऱ्यांत, आणि दोन वर्षें प्रार्थनेंत सहभागी, पण ख्रिस्तशरीरावांचून. त्याच परिषदेनें मरणाऱ्यास अंतिम शिदोरी नाकारूं नये, हा जुना नियमही कायम केला. नोवेशियनपंथी बिशप असेसियस ह्यास बादशहा कॉन्स्टन्टाइन थट्टेनें म्हणाला कीं, तूं आपली शिडी लाव आणि एकटाच स्वर्गांत चढ; निदान सॉक्रेटिस हा इतिहासकार तसें सांगतो.

पुढें राजे लोकही ह्या नियमांतून सुटले नाहींत. ३९० सालच्या थेस्सलनीकेच्या कत्तलीबद्दल बादशहा थिओडोसियस ह्यास संत अँब्रोजपुढें प्रायश्चित्त घ्यावें लागलें. रोममध्यें प्रायश्चित्त करणाऱ्यांस पवित्र गुरुवारीं बिशप परत घेत. अशा लोकांच्या मस्तकीं घातली जाणारी राख कालांतरानें राखेच्या बुधवारीं सर्वांच्याच मस्तकीं आली. उघड प्रायश्चित्ताची चाल मागें पडून एकांतांतील पापनिवेदन रूढ झालें.

आपल्याकडे गांवानें एखाद्यास वाळीत टाकिलें म्हणजे हुक्कापाणी बंद. ख्रिस्तसभेचा बहिष्कार वरून तसाच दिसतो, परंतु धर्मकायदा त्यास औषधरूप दंड म्हणतो. अपराध्यानें हट्ट सोडिला म्हणजे तो दंड उठविणें नाकारतां येत नाहीं. १९८३ च्या धर्मसंहितेचें ९७६ वें कलम तर असें आहे कीं, पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार नसलेला कोणताही धर्मगुरू, मरणाच्या धोक्यांत असलेल्या पश्चात्ताप्यास सर्व पापांतून आणि बहिष्कारांतून मुक्त करूं शकतो. अधिकार असलेला दुसरा धर्मगुरू तेथें हजर असला तरीही.