नावाचा हक्क : मुंबईचे खलाशी-स्मारक

खकनारहून समुद्र दूर आहे; परंतु आपल्या मुलखातील तापी सुरतेजवळ त्यास मिळते, आणि तीत अस्थी विसर्जन करणाऱ्यांस ते पाणी अखेर कोठे जाते हे ठाऊक असते. ज्यांचा देहच समुद्राने घेतला, अस्थीही हाती लागल्या नाहीत, अशांचे एक स्मारक मुंबईस आहे. ते फार थोड्यांस माहीत आहे.

मशीद बंदराजवळील इंडियन सेलर्स होम ही वास्तू १९३१ साली उभी राहिली. पहिल्या महायुद्धात (१९१४-१९१८) बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावे तेथे नोंदलेली आहेत. रत्नागिरीचे मुसलमान, गोव्याचे ख्रिस्ती, हिंदू असे नाना धर्मांचे हे लोक. त्यांतील कित्येक बोटीच्या तळाशी भट्टीत कोळसा ओढीत. पाणतीर लागला की पाणी प्रथम तेथेच शिरे. मृत्यू दूर देशीच आला असेही नव्हे. १९१७ च्या जूनमध्ये 'मंगोलिया' ही आगबोट मुंबईपासून थोड्याच अंतरावर, जर्मन 'वुल्फ' जहाजाने पेरलेल्या सुरुंगावर आदळून बुडाली.

आता दुसरे बंदर पाहू. बसऱ्याच्या स्मारकावर (१९२९) मेसोपोटेमियात पडलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांची स्मृती आहे. त्यांत मराठा पलटणींचे जवानही आहेत. गोऱ्या शिपायाचे नाव तेथे दगडावर कोरले. हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले. परंतु साध्या हिंदी शिपायाच्या वाट्यास पलटणीच्या नावाखाली केवळ एक आकडा आला.

वास्तविक १९१७ च्या सनदेने स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाचे तत्त्व असे होते की, हुद्दा, वंश वा धर्म न पाहता प्रत्येक मृतास नावानिशी स्मरावे. नावे अज्ञात होती, ही सबब कायद्यापुढे टिकणारी नाही. ज्या सरकारने शिपायाची भरती नावाने केली आणि त्याच्या विधवेस निवृत्तिवेतनही नावानेच दिले, त्यास ते नाव ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? खलाशाचेही नाव बोटीच्या करारनाम्यात असेच. मुंबईस ते भिंतीवर आले, बसऱ्यास आले नाही; उणीव माहितीची नव्हती, इच्छेची होती. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाच्या चौकशी-अहवालाने हा भेदभाव मान्य केला, आणि ब्रिटिश संसदेत सरकारने क्षमा मागितली.

आपल्या धर्मात तर्पण करताना नाम आणि गोत्र उच्चारावे लागते. संख्येला पाणी देता येत नाही. साम्राज्याच्या युद्धाचा गौरव आपण करावा, असे कोणी म्हणणार नाही. पण जे गेले ते आपल्याच किनाऱ्यावरचे पोटार्थी लोक होते. मुंबईस देवदर्शनास जाणाऱ्याने मशीद बंदराकडेही पाय वळवावे आणि त्यांतील चार नावे मोठ्याने वाचावीत. बसऱ्याच्या शिपायास तेवढेही लाभले नाही.