कोल्हापूर ते फ्लॉरेन्स

दोन गांवांमध्यें अंतर किती, या प्रश्नास भूगोल एक उत्तर देतो आणि इतिहास दुसरें. कोल्हापूरनजीकचा उजळाईवाडीचा विमानतळ व इटलींतील फ्लॉरेन्स शहराचा पेरेतोला येथील विमानतळ यांमधील अंतर सरळ रेषेनें सुमारें ६,६०० किलोमीटर भरतें. ताशीं ८५० किलोमीटर वेगाच्या विमानास हा पल्ला पावणेआठ तासांचा होय. परंतु ही रेषा गणितापुरतीच आहे. थेट विमान नसल्यामुळें मुंबईस आणि पुढें युरोपांतील एखाद्या मोठ्या शहरीं विमान बदलावें लागतें, व प्रवासास बहुधा संबंध दिवस जातो.

हीं दोन नांवें एकत्र कां घ्यावीं, हें करवीरच्या इतिहासाशीं परिचित असलेल्या वाचकांस सांगणें नलगे. १८६६ सालीं दत्तक येऊन गादीवर बसलेले छत्रपति राजाराम महाराज १८७० सालीं विलायतेस गेले. वय अवघें वीस वर्षांचें. कोल्हापुरास आगगाडी येण्यास अद्याप एकवीस वर्षें अवकाश होता. पुण्यापर्यंत सडक, पुण्याहून घाट उतरून मुंबईपर्यंत आगगाडी आणि तेथून आगबोट, असा त्या काळचा मार्ग. सुवेझचा कालवा १८६९ च्या नोव्हेंबरांत खुला झाला होता. तरी मुंबईहून लंडन गांठण्यास तीन-चार आठवडे लागतच. महाराज या प्रवासांत इंग्रजींत रोजनिशी लिहीत. ती त्यांच्या पश्चात्, १८७२ सालीं, कॅप्टन वेस्ट यांनीं प्रसिद्ध केली.

परतीच्या वाटेवर महाराजांची प्रकृति बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजीं फ्लॉरेन्स येथें त्यांचा अंत झाला. इटलींत तेव्हां दहनाची वहिवाट नव्हती. तथापि तेथील अधिकाऱ्यांनीं अनुज्ञा दिली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर अंत्यविधि झाला. पंचगंगेच्या राजास परमुलखांत कां होईना, संगम लाभला.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत समुद्रांतील तारेनें मुंबई आणि लंडन हीं शहरें जोडलीं गेलीं होतीं. बातमीचें अंतर तासांवर आलें, आणि माणसाचें मात्र आठवड्यांवरच राहिलें. मृत्यूची वार्ता धाडण्यास तार होती. आजारी तरुणास घरीं आणण्यास तितकें त्वरेचें वाहन नव्हतें.

संगमाजवळ १८७४ सालीं छत्रीवजा स्मारक उभें राहिलें. त्याचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापुरच्या नव्या राजवाड्याचे शिल्पकारही तेच. पुढें त्याच नांवाच्या दुसऱ्या छत्रपतींच्या, म्हणजे शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या, कारकीर्दींत १९३९ सालीं उजळाईवाडीस विमानतळ झाला. तेथील नियमित वाहतूक मध्यंतरीं अनेक वर्षें खंडित होती. २०१८ सालीं ती पुनः सुरू झाली.

योगायोग असा कीं, पेरेतोलाचा विमानतळ त्या स्मारकापासून फार दूर नाहीं. एका राजारामांनीं बांधविलेल्या तळावरून निघालेला प्रवासी दुसऱ्या राजारामांच्या छत्रीपाशीं दुसऱ्या दिवशीं उभा राहूं शकतो. ती वाट महाराजांस परत चालतां आली नाहीं. आपणांपैकीं जो कोणी कधीं त्या बाजूस जाईल, त्यानें संगमापर्यंतचीं तीं चार पावलें अधिक टाकावीं.