घरच्या प्राणवायूची तजवीज

वाफेच्या यंत्रामुळे ज्याचे नाव दिगंत झाले त्या जेम्स वॉटची कन्या जेसी १७९४ साली क्षयाने मरण पावली, आणि त्या शोकातून सावरता सावरताच त्याने ब्रिस्टलच्या डॉक्टर टॉमस बेडोज यांच्या उपचारांसाठी वायू निर्माण करण्याचे व तो तेलवलेल्या रेशमी पिशवीतून रुग्णास देण्याचे उपकरण सिद्ध केले. त्याने क्षय हटला नाही. तथापि औषधी वायू रुग्णाच्या घरी नेता येईल हा विचार तेथे रुजला, म्हणून या इतिहासाचा आरंभ तेथूनच धरणे मला न्याय्य वाटते.

पुढे कार्ल फॉन लिंडे याने १८९५ मध्ये हवेचे द्रवीकरण साधले, प्राणवायू कारखान्यांत विपुल निघू लागला आणि पोलादी सिलिंडर हेच त्याचे सर्वमान्य वाहन ठरले. परंतु त्या जड सिलिंडरला जखडलेला रुग्ण खाटेवरून उठावा कसा, या चिंतेने अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉक्टर टॉमस पेटी यांनी १९६० च्या दशकात द्रवरूप प्राणवायूचे, अंगावर वाहता येणारे पात्र रुग्णांना दिले. त्या द्रवाच्या एका लिटरातून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो, मात्र उणे १८३ अंशांवर उकळणारा तो द्रव वापर नसतानाही उडत राहतो, आणि वारंवार भरणा करून देणारी व्यवस्था आपल्याकडे घरोघर पोहोचली नाही.

कोणते उपकरण घ्यावे याचा खरा निवाडा ब्रिटनमधील, १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने केला. जुनाट फुप्फुसविकाराने रक्तातील प्राणवायू फार घटलेल्यांपैकी, रोज निदान १५ तास तो घेणाऱ्या ४२ जणांतील १९ पाच वर्षांत दगावले. न घेणाऱ्या ४५ जणांतील ३०. आता मिनिटास दोन लिटर या हिशेबाने १५ तासांस १,८०० लिटर लागतात, आणि आपल्या बी प्रकारच्या सिलिंडरात मावतात सुमारे १,५००. ही रोजची ने-आण आणि रोजचा खर्च कोणत्या मध्यम स्थितीच्या कुटुंबाने सोसावा? म्हणूनच झिओलाइटच्या कणांत हवेतील नत्रवायू दाबाने रोखून, उरलेला नव्वद टक्क्यांच्या आसपासचा प्राणवायू अव्याहत पुरविणारा कॉन्सन्ट्रेटर घरगुती उपचाराचा मुख्य आधार बनला.

त्यास वीज हवी. भारनियमन भोगलेल्या घरांत राखीव भरलेला सिलिंडर हा बंदोबस्ताचा अविभाज्य भाग होय. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या साथीत, रुग्णालयांत खाट मिळेना, तेव्हा अनेकांनी मिळेल तो कॉन्सन्ट्रेटर पडेल त्या किमतीस घेतला. घरगुती यंत्र बहुधा मिनिटास पाच लिटरच देते, आणि दहा-पंधरा लिटरांची निकड असलेल्यास ते पुरणार नाही, हे वेळीच सांगणारे कोणी त्या धांदलीत अनेकांना भेटले नाही, याची हळहळ मला आजही वाटते.